फुटका सायलेन्सर आणि पल्लवीची सोयरीक

चहा घ्या आधी, कारण ऐकल्यावर ठसका लागणार आहे. आता काय सांगू तुम्हाला, जे मी केलं ते दुश्मनसुद्धा करायचा नाही! भाचीचं जमलेलं लग्न मी एका फोनवर मोडलं. तेही दवाखान्यात उभं राहून, स्पीकर चालू ठेवून!

माझी गाडी तुम्हाला माहिती आहे. सोळा वर्षं जुनी, मोठी एसयूव्ही. तिचा सायलेन्सर खालून फुटला होता. दौंडात शिरलो की लोकांना वाटायचं, मळणीयंत्र आलं. मेकॅनिक सलीमभाईनं बजावलं होतं, "आण्णा, पाइप बदला. मागच्या दाराचं रबर बी गेलंय, धूर आत यील."

मी ऐकतोय होय? तेलाचा डबा कापला, पत्रा पाइपाला गुंडाळला, वर तार आवळली. आवाज निम्मा झाला. म्हटलं, झालं काम! ह्या लोकांना काय, पाइप खपवायचे असतात.

त्या रविवारी आम्ही वडगाव रासाईला मुलाचं घर बघायला गेलो. मी गाडी चालवायला. मागं माझी थोरली बहीण आक्का, तिचे मालक दाजी आणि दाजींचे वडील आबा. मुलगा कारेगावला कंपनीत. आक्काच्या पोरीला, पल्लवीला, तो आधीच पसंत. आम्हालाही घर आवडलं. नदीकाठचा ऊस, भरला गोठा, माणसं मोकळी. जेवायला बासुंदी होती. मी चार वाट्या हाणल्या. आता फक्त तारीख काढायची राहिली होती.

परत निघालो तर रस्त्यात हा धुरळा! मागच्या काचा घट्ट लावल्या. माझी तेवढी उघडी. तंबाखू खाणाऱ्यानं थुंकायचं कुठं?

अर्ध्या तासात आक्का म्हणाली, "बाळू, डोकं लई ठणकतंय रं."

"ऊन लागलं आसंल. पड जरा."

मग दाजींना मळमळायला लागलं. आक्का तर पिशवीतच ओकली. "आबा, बरं हाय ना?" मी विचारलं. आबा नुसतं "हं" म्हणाले. पुन्हा विचारलं, तर तेवढंही नाही. आरशात बघितलं, मान छातीवर पडलेली!

मी थांबलो का? छे! गाडी आणखी दाबली. थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली.

आबांना ऑक्सिजन लावला आणि माझं डोकं फिरलं. बासुंदी! दुसरं काय असणार? लावला फोन मुलाच्या बापाला.

"पाव्हणं, काय खायाला घातलंत आमाला?"

"का वो मामा? काय झालं?"

"तीन माणसं दवाखान्यात हायेत! म्हातारा बोलंना! नासकी बासुंदी घालता व्हय? आसल्या घरात आमी पोरगी देणार न्हाई!"

पलीकडून बाईमाणसाच्या रडण्याचा आवाज आला. "मी पहाटंपास्नं दूध आटवलं वो! आख्खी भावकी जेवलीया तीच बासुंदी!"

झालं! तिकडं अख्ख्या भावकीला मिठाचं पाणी पाजलं. गोठ्यामागं ओकाऱ्या काढायला रांग लागली.

इकडं मुलाचा फोन गेला म्हणून पल्लवी घरून दवाखान्यात धावत आली. "मामा, तुम्ही लग्न मोडलंत?"

"आगं, तुझ्या आजोबाचा जीव..." पोर भिंतीला टेकून रडत होती.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बासुंदी सगळ्यात जास्त कोणी खाल्ली?"

"मी. चार वाट्या."

"तुम्हाला काय होतंय?"

"काय न्हाई."

"गाडीच्या मागच्या काचा?"

"बंद."

"आणि तुमची?"

"उघडी."

"गाडीचा सायलेन्सर फुटलाय का?"

"पत्रा लावलाय," मी पुटपुटलो.

"धूर भरलाय त्यांच्या अंगात. आणखी थोडा उशीर झाला असता, तर आजोबा हाती लागले नसते."

मी खालीच बसलो. सलीमभाईचं ऐकलं असतं तर? आबा शुद्धीवर आले तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो.

तासाभरात पाव्हणे आबांच्या खाटेपाशी आले. मिठाच्या पाण्यानं चेहरे पिवळे पडलेले. मी सरळ पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो पाव्हणं. बासुंदी न्हाई, माझ्याच गाडीचा धूर मागं भरला व्हता. मला काय बी बोला, पर पोरीचं मोडू नगा."

"उठा मामा. सोयरीक हाय तशीच हाय." पाव्हण्यांनी खाकरून घसा साफ केला. "पर आमची एक अट हाय."

आता काय मागतात? पल्लवीनं आक्काचा हात घट्ट धरला.

"लग्नाला मामांनी त्यांच्याच गाडीतनं यायचं. मागच्या शिटावर बसून. काचा लावून!"

आबांनी तोंडावरचा ऑक्सिजन बाजूला सारला. "आन् गाडी मी चालवनार. माझी काच उघडी ठिवून!"