हवालदाराला कुणी ओ देईना

नूरमहंमद पिंजारी गावात कुणाशी फारसा बोलायचा नाही, पण त्याच्या घरातून बोलण्याचा आवाज मात्र दिवसभर यायचा. "आज ऊन लई हाय बरं का," "मालनबाईचं कोंबडं पुन्हा आपल्या दारात आलंय, बघून घे त्याला," असं काहीबाही चाललेलं असे. गावात नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, आत चारपाच जणांची बैठक बसली आहे. आत असायचा तो एकटा नूरमहंमद, आणि बांबूच्या काड्यांच्या पिंजऱ्यात एक तित्तर.

तित्तराचं नाव हवालदार. ते नाव खातूननं, नूरमहंमदच्या बायकोनं ठेवलेलं. नांगरताना मोडलेल्या घरट्यातलं एक अंडं तिनं उचलून आणून कोंबडीखाली ठेवलं, आणि त्यातून जे पिल्लू बाहेर पडलं ते पहिल्या दिवसापासून छाती काढून अंगणात गस्त घालायला लागलं. पुढं खातून तापानं गेली. मूलबाळ नव्हतंच. घरात उरला तो हवालदार. खातूनशी नूरमहंमद घरच्या मुसलमानी बोलीत बोलायचा, हवालदाराशी मात्र मराठीत. असं का, ते त्याला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. बायकोची भाषा त्याला दुसऱ्या कुणाला द्यायची नसावी.

गाव शेवगावच्या उगवतीला, काळी रानं संपून मुरमाड माळ सुरू होतो तिथलं. दिवाळीनंतर थंडी पडली की नूरमहंमद खांद्यावर कापूस पिंजायची पिंजण टाकून गावोगाव गाद्या आणि पांघरायचे लेप भरत हिंडायचा. थंडी सरली की धंदा बसला. मग तो हवालदाराला घेऊन माळावर जायचा आणि तित्तरं धरायचा.

तित्तर हा मोठा मानी पक्षी. माळाचा जेवढा तुकडा त्याचा, तेवढ्यात तो दुसऱ्या नराचा आवाज खपवून घेत नाही. दुसरा कुणी ओरडला की हा ओ देणार, आणि ओ देत देत भांडायला धावून येणार. माणसानं त्याच्या या तापटपणाचाच फायदा उठवला. पाळलेल्या तित्तराचा पिंजरा गवतात ठेवायचा, त्याच्यावरची कापडाची गवसणी काढायची, भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे आणि आपण बांधाआड बसायचं. पाळलेलं ओरडतं, रानातलं चिडून येतं आणि पाय फाशात अडकवून घेतं. हवालदाराचा आवाज तर असा खणखणीत, की पार नाल्याच्या पलीकडून उत्तर यायचं.

या धंद्यालाही रीत होती. अंड्यांच्या दिवसांत पिंजरा माळावर न्यायचा नाही. आणि पाण्यावर कधी फासा लावायचा नाही, कारण तहानेनं आलेलं पाखरू भांडायला आलेलं नसतं. जुनी माणसं हे बजावून सांगायची आणि नूरमहंमद ते पाळायचा. धरलेलं एखादं तित्तर शेवगावच्या बाजारात कुणी शौकीन पाळायला घ्यायचा, एखादं कुणाच्या कालवणात जायचं. माळाला त्याची खबरसुद्धा लागत नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोक खडी फोडायला गेले, रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढू लागले. अशात नवी गादी भरायला कोण बसलंय? नूरमहंमदची पिंजण खुंटीवरच राहिली. त्याच सुमारास नगरचा राधाकृष्ण नावाचा पाखरांचा व्यापारी गावात आला. त्याचं नगरात दुकान होतं. पुढं रंगीत परदेशी पाखरं आणि पांढरे उंदीर, मागच्या खोलीत आपल्याकडची मुनिया, पोपट, तित्तरं. ही आपली पाखरं मुंबईला जायची आणि तिथून विमानात बसून परमुलखात. तिकडच्या लोकांना म्हणे घरात ठेवायला आपली पाखरं लागतात. आपल्याकडच्या हौशी लोकांना तिकडची लागतात. ज्याला जे दारात आहे ते गोड लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"जेवढी मिळतील तेवढी घीन," राधाकृष्ण म्हणाला. "नर बी घीन, माद्या बी घीन."

माळावर तेव्हा पाणी उरलं होतं ते फक्त नाल्यातल्या एका डबक्यात. सगळ्या माळाची तित्तरं सकाळी तिथं उतरायची, माद्या पिल्लांना घेऊन यायच्या. नूरमहंमदनं तिथं फासे मांडले. पोट होतं, दुसरं काही सुचत नव्हतं, हे सगळं खरं. पण फासे उचलून निघताना तो हवालदाराशी एक अक्षर बोलला नाही, हेही खरं. त्या दिवसांत हवालदाराची गरजच पडली नाही. पाखरं आपल्या पायांनी येत होती आणि आली तशी नगरला जात होती.

दुसऱ्या साली पाऊस चांगला झाला. माळावर गुडघाभर गवत आलं, लोक घरी परतले, शेजारच्या मालनबाईच्या कोंबडीनं पिल्लं काढली. एका सकाळी नूरमहंमदनं हवालदाराला माळावर नेलं आणि गवसणी काढली. फासे नेलेच नव्हते. दुष्काळातलं ते काम झाल्यावर त्यानं फासे आढ्याला अडकवून टाकले होते. नुसतं हवालदाराला मोकळ्यावर बोलू द्यावं, एवढंच मनात.

हवालदार ओरडला आणि मान वाकडी करून थांबला. पुन्हा ओरडला. पुन्हा थांबला. गवत हलत होतं, दूर कुणाची तरी गाडी खडखडत चालली होती. ओ कुठूनच आली नाही.

रोज असंच होऊ लागलं. नाल्याकडं नेलं, खिंडीकडं नेलं, पाझर तलावाच्या अंगाला नेलं. हवालदार ओरडायचा, थांबायचा, आणि त्याचं ते थांबणं नूरमहंमदला बघवायचं नाही. दिवाळीपर्यंत त्याचं ओरडणं कमी झालं, संक्रांतीला जवळजवळ बंदच. वाळवी पुढं टाकली तरी तो एकदोनदा टोचून सोडून द्यायचा. तित्तर पाळणाऱ्यांत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: ज्याला ओ मिळत नाही ते मुकं होतं, आणि मुकं झालेलं तित्तर फार दिवस काढत नाही.

नूरमहंमद रात्री उठून पिंजऱ्यापाशी जाऊन बघायला लागला. हवालदार गेला तर घरात बोलायचं कुणाशी?

त्यानं काय काय करून पाहिलं ते ऐकलं तर हसू येईल. बांधाआड आडवा पडून, गालाला हात लावून, तो स्वतः तित्तरासारखा ओरडला. लहानपणी त्याला ते छान जमायचं. आता पुढचे दोन दात गेल्यामुळं तित्तराऐवजी दम्याच्या पेशंटचा आवाज निघाला. हवालदारानं त्याच्याकडं असं काही बघितलं, की पन्नाशी उलटलेला हा माणूस एकटाच असून लाजला.

मग तो एस.टी.नं नगरला गेला. राधाकृष्णच्या दुकानात पुढं लव्हबर्डांचा किलबिलाट चालला होता.

"शेट, त्यातलं एखादं तित्तर माघारी द्या," नूरमहंमद म्हणाला. "माळावर सोडायचंय."

राधाकृष्णला आधी कळेचना. कळल्यावर तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाला हसतात तसं हसला.

"नूरभाई, ती पाखरं कवाच दर्यापार गेली. अर्धी तर वाटंतच मेली असतील. आता कुठून देऊ? आन् नवा कायदा आलाय, तित्तर उघड्यावर ठेवायची सोय ऱ्हायली न्हाई. हे घ्या हिरवं जोडपं. विलायती हाय. जोडीनं ऱ्हातंय, रडत न्हाई, काय न्हाई."

नूरमहंमदनं त्या हिरव्या जोडप्याकडं पाहिलं. देखणी होती पाखरं. पण ती हवालदाराला काय ओ देणार? तो तसाच बाहेर पडला. अर्धी वाटेतच मेली असतील, हे वाक्य त्याच्या डोक्यातून शेवगाव येईपर्यंत गेलं नाही.

फाल्गुनात एक दिवस सकाळी मालनबाई शेण भरलेली पाटी डोक्यावर घेऊन दारात थांबली. "नूरभाई, आज तुमचं पाखरू माळावर लई वरडत हुतं. सकाळच्या पारी गेल्ता व्हय?"

"न्हाई बा. आमी तर आत्ता उठलोय."

"मग माळावर वरडलं ते कोन?"

नूरमहंमद चहाची कपबशी तशीच ठेवून माळाकडं धावला, पण तोवर ऊन चढून सगळं गप्प झालं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो माळावर होता. पिंजरा टेकवला, गवसणी काढली. हवालदार गप्प. आणि तेवढ्यात नाल्याच्या पलीकडून, अगदी स्वच्छ, तित्तर ओरडलं.

हवालदाराचं सगळं अंग फुललं. त्यानं मान वर काढली आणि कितीतरी दिवसांनी असा काही आवाज दिला की नूरमहंमदच्या डोळ्यांना पाणी आलं. पलीकडून उत्तर आलं. हा ओरडला, तो ओरडला. घरी येऊन हवालदारानं मूठभर वाळवी फस्त केली. नूरमहंमदनं त्या दिवशी सणासुदीसारखं गोड करून खाल्लं, आणि वाटीभर मालनबाईकडं पाठवून दिलं.

पण रात्रभर त्याला झोप लागली नाही. माळावर एक नर उरलाय. एक असला तर एखादी मादीही असेल. हवालदारानं पिंजऱ्यात बसून त्याच्याशी नुसतं भांडत राहायचं, की माळ त्याला परत द्यायचा? द्यायचा म्हणजे पिंजरा रिकामा. पिंजरा रिकामा म्हणजे घरही रिकामं. त्या विचारानं त्याला उमाळा आला आणि तो उशीत तोंड खुपसून रडला. सकाळी उठला तेव्हा मात्र त्याचं ठरलं होतं.

नाल्याच्या काठावर त्यानं पिंजरा ठेवला आणि दाराची दोरी सोडली. "जा, हवालदार," तो म्हणाला. "आता तुमची तुमी बघा." पलीकडून आवाज आला. हवालदारानं एकदा नूरमहंमदकडं बघितलं, मग छाती काढून बाहेर पडला, आणि आवाजाच्या रोखानं गवतातून धावत सुटला. नूरमहंमदनं डोळे मिटून घेतले.

पंखांची फडफड ऐकून त्यानं ते उघडले. ती फडफड त्याच्या ओळखीची होती. फाशात अडकलेल्या तित्तराशिवाय दुसरं कुणी तसं फडफडत नाही.

तो नाल्यातून धोतर सावरत, ठेचाळत पळाला. पलीकडं गवतात हवालदार एका पायावर उलटापालटा होत होता. दोन हातांवर एक पिंजरा होता, त्यात दुसरं तित्तर ताठ उभं होतं. बांधाआडून पागोटंवाला एक म्हातारा आनंदानं उठून येत होता.

"हात लावू नगंस!" नूरमहंमद ओरडला. "माझं हाय ते!"

म्हातारा जागीच थांबला. तो पाथर्डीकडच्या एका वस्तीवरचा कानिफनाथ, यात्रेत कधीमधी भेटणारा. त्याचाही हाच धंदा. त्यानं खाली वाकून फासा सैल केला आणि हवालदाराला उचलून नूरमहंमदच्या हातात दिलं. हवालदाराचं काळीज हातात धडधडत होतं. पायाला थोडं खरचटलं होतं, एवढंच.

"नूरभाई, मला वाटलं रानातलं हाय," कानिफनाथ म्हणाला. "आमच्याकडं एक बी ऱ्हायलं न्हाई. नगरचा शेट म्हनला, चोरून आन, पन येखादं तरी आन. परवापस्नं इकडं येतोय. काल ह्यो वरडला, आन् मला वाटलं, घावलं बघ."

"मला बी तसंच वाटलं," नूरमहंमद म्हणाला.

नूरमहंमदनं काठावरचा रिकामा पिंजरा आणला, हवालदाराला आत ठेवलं, आणि दोघं बांधावर बसले. कानिफनाथनं तंबाखू काढली, मळली, नूरमहंमदला दिली. दोन्ही पिंजरे शेजारी ठेवता येत नव्हते, तित्तरं एकमेकांवर चोची आपटत होती. शेवटी ऊन चढल्यावर कानिफनाथ फासे गोळा करून उठला. "उद्यापस्नं मी माळाच्या आमच्या अंगाला बसतो," तो म्हणाला. "फासा न्हाई लावायचा. नुसता पिंजरा ठिवीन. तुमचं वरडलं तर आमचं ओ दील." नूरमहंमदनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार ओरडला. बऱ्याच वेळानं, फार लांबून, ओ आली. हवालदार खुशीत आला, अंग फुलवून पुन्हा पुन्हा बोलावू लागला. गावाकडून मालनबाईनं हाक मारली, "नूरभाई, तित्तरं आली की वं माळावर परत!"

"व्हय, आली," नूरमहंमद म्हणाला. आणि त्या दोन पिंजऱ्यांमध्ये पसरलेल्या सगळ्या मोकळ्या माळाकडं पाठ करून तो हवालदारापुढं वाळवी टाकत बसला.