पाठीला पाठ लावून आजऱ्याला

कुठलीही वस्तू आणली तशी ठेवणं आमच्या थोरल्या भावजींना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, जमत नसे. शिलाई मशीनला त्यांनी जातं जोडलं होतं. पीठ निघायचं, पण मशीन घरभर फिरायचं. सासूबाई ओरडायच्या, "अरे, भाकरी करू का ह्याला धरून बसू?"

त्यांचं गॅरेज सात रस्त्याच्या चौकात होतं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर त्यांनी लष्कराच्या भंगारातल्या दोन फटफट्या मोडून एक दांडगी फटफटी बनवली. ती सुरू झाली की शेजारच्या म्हशी दावं ओढायच्या.

मला एसटी सोसत नसे. लग्नानंतर आजऱ्याला माहेरी जाणं झालंच नव्हतं. दोनदा निघाले आणि सांगोल्याहून ओकत परत आले. आई तिकडं वाट बघून थकली होती. ह्यांना गिरणीतून रजा नव्हती.

"मी न्हेतो की," भावजी सासूबाईंना म्हणाले. पण थोरल्या दिरापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही घरची रीत. त्यांच्या मागं बसणार कशी? भावजींनी मागची सीट उलटी फिरवून पक्की केली. "आता पाठीला पाठ. कोन काय म्हनंल?" सासूबाई माझ्या रडक्या तोंडाला कंटाळल्या होत्या, म्हणून हो म्हणाल्या. मला बोलायला नको म्हणून भावजींनी रबरी पोंगा दिला. वाजवला की ते थांबणार.

पहाटे निघालो. मला सगळं मागं पडल्यावर दिसायचं. सांगोल्याच्या बाभळी, मिरजेकडचा ऊस. गडहिंग्लज सोडल्यावर हिरवे डोंगर मागं मागं सरकत होते, आणि रस्त्यावर आमच्या मागून एक ओली रेघ येत होती. पेट्रोल! पोंगा वाजवला, तर फटफटीच्या आवाजात तो मलाच ऐकू येईना. मग मान वळवून भावजींच्या कानाशी ओरडले,

"ओ भावजी! टाकी गळतीय, थांबा की!"

ते थांबले, वाकून बघितलं. "साबन हाय का?"

आईसाठी घेतलेला वासाचा साबण दिला. त्यांनी तो चेपून भोक बुजवलं. म्हणाले, "तुला बोलता येतं व्हय?"

"कुनी इचारलं होतं?"

ते इतके हसले की पाना हातातून पडला.

दिवस मावळायच्या आत आजऱ्याला पोचलो. आईनं आधी मला हात लावून बघितलं, मग फटफटीला.

पुढं दर पंचमीला भावजी मला नेत. वाटेत आम्ही पाठीला पाठ लावून मनसोक्त भांडायचो.

माझी आई गेली, आजऱ्याला जाणं थांबलं, आणि त्याच वर्षी त्यांनी फटफटी विकली. मला राग आला. "चांगली चालत हुती की. का इकली?"

भावजी हात पुसत म्हणाले, "मला कुटं माहेर हाय?"