डाव्या हातातली अंगठी

सकाळचा चहा गाळत होते तेव्हा भिलाईहून मिलिंदचा फोन आला. मिलिंद माझा भाचा, पन्नाशी उलटलेला माणूस, पण आवाज अगदी लहान पोराचा झाला होता. “आत्या, मम्मी नहीं रही,” एवढंच तो म्हणाला. दुःखाच्या वेळी त्याला मराठी सुचत नाही, हे मला ठाऊक आहे. मी खाली बसले. चहा ओट्यावरच राहिला. थोड्या वेळानं त्याचाच पुन्हा फोन. या वेळी मराठीत, “आत्या, एक विचारू का? आईची अंगठी डाव्या हातात कावून होती? इथं बाया विचारून राहिल्या. मले तं माहीतच नाही.” मी म्हटलं, “येते, मग सांगते.” गेले, पण सांगायचं राहिलंच. तेरा दिवस माणसांच्या गर्दीत निघून गेले. नागपूरला परत आले, चार आठवडे झाले आणि आता हे लिहायला बसले आहे. बाबा मिलिंद, तुझ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबडं आहे. त्यात तुझी आई आहे, एक रशियन बाई आहे आणि दिल्लीसुद्धा आहे. दमानं वाच.

पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या काळात माझा दादा भिलाईला क्रेनवर लागला. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाचे शेतकरी. लग्न होऊन वहिनी आली ती थेट लाल मुरमाच्या त्या धुळीत. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे हातभर अंगण आणि दारातून दिसणाऱ्या कारखान्याच्या चिमण्या. मी दुर्गच्या कॉलेजात शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला गेले. नणंद म्हणून थोडा तोरा घेऊनच गेले होते, खोटं कशाला बोलू! वहिनीनं पहिल्याच दिवशी माझ्या हातात खराटा दिला आणि म्हणाली, “पुष्पा, इथं पाव्हणी म्हणून रायशीन तं धुळीत बुडशीन.” संपला तोरा. गोरीपान नव्हती, नाजूक नव्हती, आवाज असा की दादाला क्रेनवर ऐकू जावा. शाळा चौथीपर्यंत. पण माणूस समोर आला की त्याच्या डोळ्यांत बघून बोलायची. ही सवय आमच्या घरात कोणाला नव्हती. आम्ही सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघून बोलणारे.

तेव्हा भिलाईत रशियन पुष्कळ. वालेंतिना त्यातलीच, भट्टीच्या आतल्या विटांचं काम बघणारी इंजिनिअर. भट्टीत आतून ज्या विटा लावतात त्यांत एक जरी कच्ची निघाली तरी सगळा घाट वाया, म्हणून ही बाई पुरुषांसारखा पोशाख घालून दिवसभर आत वाकलेली असायची. संध्याकाळी परत जाताना आमच्या अंगणातल्या नळावर थांबून तोंड धुवायची. वहिनीनं तिला एकदा पाण्याबरोबर गूळ दिला, आणि झालं. मोडकं हिंदी तिला येत होतं, मोडकं हिंदी वहिनीलाही येत होतं. दोन मोडक्यांचं मिळून बरं चालायचं. वालेंतिना म्हणताना जीभ अडखळायची, म्हणून वहिनीनं तिचं नाव वालूबाई ठेवलं, आणि आमची सगळी क्वार्टरांची लाईन तिला तेच म्हणू लागली.

संक्रांत आली. लाईनीतल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू वहिनीकडे होतं. तिनं वालूबाईला बोलावलं. बोलावण्याआधी खात्रीही करून घेतली बरं का... स्वतःचं मंगळसूत्र उचलून दाखवलं आणि वालूबाईच्या हाताकडे बोट केलं. वालूबाईनं हसून हातातली सोन्याची अंगठी दाखवली. वहिनी निर्धास्त. सवाष्ण आहे! संध्याकाळी वालूबाई फुलाफुलांचा झगा घालून आली. वहिनीनं तिला पाटावर बसवलं, हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, ओटी भरली. वालूबाईनंही येताना भेट आणली होती, काळ्या लाखेची एक डबी, झाकणावर तीन घोडे रंगवलेले.

नेमकं त्याच वेळी एक गृहस्थ फोटोवाल्याला घेऊन दारात. हे दिल्लीच्या एका मैत्री मंडळाचे. रशियन पाहुणे जिथे जातील तिथे हे हार घेऊन हजर असायचे, म्हणून वहिनी त्यांना हारवाले म्हणायची. दादाला विचारून त्यांनी फोटो काढला. वालूबाईच्या कपाळावर वहिनीचं बोट, आणि वालूबाईनं अंगठीचा हात छातीशी धरलेला.

बायका गेल्यावर वालूबाई तिथंच बसून राहिली. म्हणाली, आमच्याकडे नवरा असेपर्यंत अंगठी उजव्या हातात घालतात. तो गेला की काढत नाहीत, डाव्या हातात घालतात. तिचा नवरा लढाईत गेला होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी वहिनीकडे पाहिलं. तिचं तोंड पार उतरलं होतं. आमच्याकडे विधवेला कुंकू लावणं म्हणजे काय, ते आजच्या मुलींना नाही कळायचं. वहिनीच्या स्वतःच्या विधवा आईला पोटच्या पोरीच्या लग्नात मागच्या खोलीत बसवलं होतं. वालूबाई मात्र कपाळाला हात लावून म्हणाली, “इतने साल में कोई नहीं छुआ यहाँ.” दोघी रडल्या. आणि मी दाराशी उभी राहून उगाच पदराशी चाळा करत राहिले.

एवढंच घडलं असतं तर तो घरगुती प्रसंग घरातच राहिला असता. पण पहिली भट्टी पेटवून झाली होती, कारखाना वाढवायचं घाटत होतं, आणि वाढीव काम पुन्हा रशियनांना द्यायचं की दुसऱ्या देशांकडे वळायचं यावर दिल्लीत ओढाताण चालली होती. हारवाल्यांनी आमचा फोटो एका पत्रकात छापला. खाली लिहिलं, मंडळाच्या प्रेरणेने दोन देशांच्या भगिनी एकत्र. महिन्याभरात तोच फोटो दुसऱ्या पत्रकात आला. हे पत्रक दुसऱ्या देशांच्या यंत्रांचे दलाल असलेल्या काही व्यापाऱ्यांच्या गटाचं. त्यांना लाईनीतल्या कोणाकडून तरी अंगठीची गोष्ट कळली होती. खाली लिहिलं होतं, परकी बाई आपल्या धर्माचा विटाळ करते आहे, विधवा असून कुंकू लावून घेते, बायकांना फितवते, अशा लोकांच्या नादाला देशानं लागावं का? अगं बाई! चार घरच्या बायका, पाव किलो तीळ आणि एक डबी, आणि त्यावरून देशानं कोणाशी मैत्री करावी ते ठरणार होतं! ओरड वाढली तसं वालूबाईच्या ऑफिसनं तिला सामान बांधून ठेवायला सांगितलं. विटांचं काम अर्धवट होतं. ती नळावर आली, पण तोंड न धुता नुसती उभी राहिली. परत पाठवलं तर तिकडे आपल्यावर ठपका राहील, पुन्हा असं काम कोणी देणार नाही, असं तिनं तुटक तुटक सांगितलं.

खासदारांची एक समिती कारखाना बघायला येणार होती, आणि त्या फोटोबद्दल सांगायला वहिनीला त्यांच्यापुढे बोलावणं आलं. मग आमच्या दारी माणसं येऊ लागली. आधी हारवाले आले. म्हणाले, “ताई, तुम्ही एवढंच सांगा की आमच्या मंडळानं सुचवलं म्हणून बोलावलं. तुम्हाला मॉस्को दाखवू.” वहिनीनं त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांचा माणूस आला, चामड्याची ब्रीफकेस घेऊन, बोलायला अतिशय मऊ. म्हणाला, “तुम्ही इतकंच म्हणा की त्या बाईनंच हट्ट धरला. तुमचे मिस्टर अजून टेंपररी आहेत ना? आमच्या ओळखी आहेत वरपर्यंत.” त्यालाही चहा दिला. तो गेल्यावर दादा हळूच म्हणाला, “शांते, पर्मनंट झालो तं...” वहिनी कपबशा विसळत होती. म्हणाली, “अवो, दोघंबी मले माह्याच घरी काय झालं ते शिकवून राहिले. इतका चहा पाजला, त्या बाईचं काय होईन, ते एकानं तरी विचारलं का?” दादा फडकं घेऊन कपबशा पुसू लागला. चांगला माणूस होता तो, फक्त घाबरट होता.

गेस्ट हाउसच्या मोठ्या खोलीत समिती बसली होती. वहिनीनं मला सोबत नेलं. समितीत एक जण आपल्या नागपूरकडचे होते, म्हणून तिला मराठीत बोलायची मुभा मिळाली. बाकीच्यांना ते हिंदीत सांगत होते. वहिनी उभी राहिली आणि डोळ्यांत बघून बोलली.

“साहेब, वालूबाईनं काहीच नाही केलं. कुंकू मीनं लावलं. मले वाटलं तिचा नवरा आहे. अंगठी पाहिली, हात नाही पाहिला. चूक माही.”

हारवाल्यांच्या बाजूचे एक सदस्य पुढे सरसावले. मैत्रीच्या भावनेतूनच ना? वहिनी म्हणाली, “मैत्री मंग झाली, बाया घरी गेल्यावर. आधी तं मले तिचं नावबी नीट येत नव्हतं. अन् मंडळाचा माणूस फोटो काढाले आला होता, तीळ निवडाले नाही.” खोलीत हसू फुटलं. मग दुसऱ्या बाजूच्या सदस्यांनी अगदी शांतपणे विचारलं, “म्हणजे विधवेला कुंकू लावणं चूक आहे, हे तुम्हाला मान्य आहे.”

हो म्हटलं असतं तर वालूबाई गेली असती. नाही म्हटलं असतं तर लाईनीत, गावात, माहेरात वहिनीला तोंड दाखवायला जागा नव्हती. मला वाटलं, आता ही रडणार.

“त्या दिवशी वाटली चूक,” ती म्हणाली. “आता नाही वाटत. माह्या मायले मीनं कधी लावलं नाही, ते चुकलं. येत्या संक्रांतीले वालूबाई इथं असली तं पहिलं तिलेच लावीन, जाणूनबुजून. मंग तुमी लिहा काय लिहायचं ते. पण तुमचं भांडण तुमी दिल्लीत भांडा ना साहेब, माह्या घरच्या कुंकवाले त्यात कावून ओढता?”

नागपूरकडचे सदस्य हे हिंदीत सांगताना दोनदा थांबले. मग समितीनं पुढचा कागद उघडला. वालूबाईचं बांधलेलं सामान सुटलं आणि विटांचं काम पुरं होईपर्यंत ती राहिली. वाढीव कामही रशियनांकडेच गेलं, पण ते वहिनीमुळे गेलं असं मी म्हणणार नाही. त्याची कारणं दिल्लीत होती. तो फोटो मात्र दोन्ही पत्रकांतून गायब झाला. कोणाच्याच कामाचा उरला नाही, तेव्हा हारवाल्यांनी मूळ प्रत आमच्या घरी आणून दिली. ब्रीफकेसवाल्याची शिफारस गेली ती गेलीच. दादा आपल्या पाळीनं पर्मनंट झाला. लाईनीतल्या काही बायकांनी पाठ फिरवली, आणि त्यातल्या बऱ्याच जणी पुढे गुपचूप लोणच्याची बरणी घेऊन परत आल्या.

मी राज्यशास्त्राकडे वळले ते त्या खोलीतून बाहेर पडताना. जन्मभर कॉलेजात शिकवलं. परराष्ट्र धोरणावर दबावगटांचा प्रभाव, हा पाठ दरवर्षी यायचा. मुलं व्याख्या मागायची आणि मी त्यांना हळदीकुंकवाची गोष्ट सांगायची. तुमच्या घरात काय घडलं याचा अर्थ तुमच्या आधी कोणीतरी दुसराच लावून दिल्लीला पोचवतो, तेव्हा समजा की ते आले. हारही आणतात, ब्रीफकेसही आणतात. प्रत्येक जण लबाडच असतो असंही नाही, हारवाले गृहस्थ मनानं खरोखर भाबडे होते. पण मध्ये उभा असलेला माणूस त्यांना दिसत नाही, हे दोघांचं सारखं. माझी पेन्शन, माझं नाव, माझा ताठ कणा, सगळं त्या चौथी शिकलेल्या बाईचं देणं आहे. जिवंतपणी हे तिला सांगितलं तर म्हणायची, “जाय वं, भाषण नको देऊ.” आता ऐकावंच लागेल तुला, वहिनी.

आणि मिलिंद, आता तुझं उत्तर. दादा गेला तेव्हा तू बाहेर माणसांत होतास. आत बायका बांगड्या फोडायला जमल्या. वहिनीनं स्वतःच बांगड्या काढून ठेवल्या, मग उजव्या हातातली लग्नाची अंगठी काढली, थोडा वेळ मुठीत धरली आणि डाव्या हातात घातली. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. त्यानंतरच्या प्रत्येक संक्रांतीला तिच्याकडे हळदीकुंकू झालंच, आणि पहिलं कुंकू नेहमी एखाद्या विधवेला. माझे यजमान गेले त्या वर्षी मी जायचं टाळत होते. ती बस धरून नागपूरला आली, कुंकू ठेवायची ती लाखेची डबी पिशवीत घालून.

परवा मी पुन्हा भिलाईला जाऊन आले. तिची खोली तशीच आहे, भिंतीवर तो फोटो, कोनाड्यात तीन घोड्यांची डबी. तुझी बायको सरिता मूळची रायपूरची. मराठी बोलायला तिला वहिनीनंच शिकवलं. तिनं अंगठी माझ्या हातावर ठेवली. “आत्या, हे तुमाले द्यायचं म्हणून आईनं सांगून ठेवलं होतं.” मी अंगठी डाव्या हातात घातली. सरितानं डबी उघडली. कुंकवात मधोमध एक छोटा खड्डा होता, दादा गेल्यावरही वहिनीचं बोट रोज तिथंच टेकायचं. सरितानं तो मोडला नव्हता.

“सकाळी मी काठाकाठानं घेतो,” ती म्हणाली. मग माझ्या हाताकडे पाहिलं, समोर येऊन बसली, आणि पहिल्यांदाच त्या खड्ड्यात बोट बुडवून ते माझ्या कपाळाला लावलं.