आतल्या खोलीतल्या बाई

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. माझ्या आत्याने दोन्ही पाहिली, पण दुसऱ्यांची. लग्न केलं नाही, आणि नर्सची नोकरी करत उभा जन्म भाड्याच्या खोल्यांत काढला. तरी नात्यात कुणी घर घ्यायला निघालं की आत्याला सोबत नेणं ठरलेलं. तिला बघून दलाल कपाळाला हात लावायचे.

पेशंट तपासावा तशी ती घर तपासायची. दलाल खिडकीतून दिसणाऱ्या झाडांचं कौतुक सांगत असायचा, तेव्हा ही खाली बसून भिंतीचा पायथा चाचपत असायची, कारण ओल खालून चढते. सगळ्या भिंती जुन्या आणि एकच ताजी रंगवलेली दिसली, की तिच्याकडे संशयाने बघत राहायची. सगळे नळ एकदम सोडायची. कपाटात डोकं घालून वास घ्यायची. आणि बंद दार उघडून पाहिल्याशिवाय तर जागची हलायची नाही. "दुखतं तिथेच माणूस हात लावू देत नाही. घराचंही तसंच असतं," म्हणायची.

निवृत्तीनंतर तिने स्वतःसाठी घर बघायला काढलं. घरमालकाला खोली परत हवी होती, त्यामुळे घाई होतीच. पण तिची अट एकच. "आतून कुणी हाक मारणार नाही, असं घर हवं. जन्मभर हाकेला ओ दिली. आता पुरे."

"मग एखादी गुहाच बघू या," मी म्हणायचे. ती हसायची नाही. या बाबतीत तिला थट्टा चालत नसे.

शेवटी एका गल्लीच्या टोकाला तळमजल्यावरचं घर सापडलं. भिंती कोरड्या, उजेड भरपूर. मालक म्हातारे होते. त्यांचा मुलगा घर विकून त्यांना आपल्याकडे नेणार होता. म्हाताऱ्यांनी स्वतः सगळं हौसेने दाखवलं. शेवटच्या खोलीशी मात्र त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "ही झोपलीय. आत्ता कुठे डोळा लागलाय."

मी मागे सरले. आत्या कसली सरतेय! तिने अलगद दार उघडलं. आत पलंग होता, स्वच्छ चादर, उशाशी पाण्याचा पेला. पलंगावर कुणी नव्हतं. आत्याने चादरीवर तळहात ठेवला. सुरकुतीसुद्धा नव्हती. मग बाहेर येऊन तिने आवाज न करता दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "शांत झोपल्यात. उठवू नका."

म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. फाटकाशी मुलाने खाली मान घालून सांगितलं, की आई जाऊन बरेच दिवस झाले, बाबा मात्र मानत नाहीत.

रस्त्यात मी आत्यावर उखडले. "खोटं कशाला बोललीस?"

"पेशंटच्या घरच्यांशी वाद घालायचा नसतो," ती म्हणाली. "वॉर्डात कधी घातला नाही. आता कुठे घालू?"

घर तिने घेतलं. ताबा मिळायच्या दिवशी आम्ही तिचं सामान टेंपोत भरून दारात हजर, आणि म्हातारे त्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलेले. "हिला घेतल्याशिवाय मी येणार नाही."

मुलाने विनवलं, मग त्याचा तोल गेला. "बाबा, आई गेली हो!" म्हातारे ढिम्म. आत्याची जुनी खोली सुटली होती, इथली मिळत नव्हती. टेंपोवाला वैतागला होता, आणि मला रडू यायच्या बेतात होतं.

आत्याने बाह्या सारल्या आणि आत गेली. तिचा वॉर्डातला आवाज ऐकू आला. "चला बाई. घाई नाही. आधी कुशीवर वळा. हं, आता पाय खाली."

ती बाहेर आली तेव्हा तिचा डावा हात कुणाच्या तरी पाठीमागून गेलेला होता आणि उजव्या हातात कुणाचा तरी हात होता. टेंपोवाल्याने वाट दिली. मुलानेही दिली. मीही नकळत बाजूला सरले, आणि स्वतःचाच राग आला. म्हातारे मागून बायकोच्या चपला घेऊन निघाले. आत्याने मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर नीट बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली, दार लावलं. म्हातारे पलीकडून शेजारी जाऊन बसले. "तुमचा हात फार हलका आहे, सिस्टर," ते म्हणाले. गाडी गेली.

मी सुटकेने हसले. "झालं बाई! आता घर तुझं."

आत्या फाटकाशी तशीच उभी होती. "बसल्या नाहीत गं त्या."

"काय?"

"मी दार लावायला गेले, तर माझा हात सोडेनात. म्हाताऱ्यांना वाटलं बसल्या. मग मीही बोलले नाही."

ती थट्टा करत असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघितलं. जन्मभर पेशंट सांभाळून दमलेली बाई दिसत होती, दुसरं काही नाही. तिचा उजवा हात अजून अर्धवट मिटलेला होता. घर मिळालं, पण हिला हवं होतं ते काही मिळालं नाही, हे मला तिथेच कळलं.

ती वळली आणि दारापुढच्या पायऱ्या चढू लागली. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. मी पुढे जाऊन दारात उभी होते.

"बाजूला हो गं," ती म्हणाली. "त्यांना दम लागलाय."