त्रेपन्न पॉइंट चार

शाळेतल्या नर्सबाईंना मुलं काटाबाई म्हणायची, आणि तेही तोंडावर. बाईंना त्याचा राग नव्हता, उलट थोडा गर्वच होता. गुडघे खरचटलेली पोरं सगळ्याच शाळांत असतात, त्यांना मलम लावायला कुणीही चालतं. पण कुस्तीच्या संघातल्या पोरांची वजनं घेणं हे येरागबाळ्याचं काम नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी लिहिलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा एका मुलाचे वडील चार वेगवेगळ्या काट्यांवर मुलाला चढवून भांडायला आले होते. चारही काटे बाईंच्याच बाजूने बोलले, तेव्हा गृहस्थ घाम पुसत निघून गेले.

नियम सोपे होते आणि पोरांच्या भल्याचे होते. पूर्वी पोरं खालच्या गटात बसण्यासाठी उपाशी राहायची, घाम गाळायची, चक्कर येऊन पडायची. म्हणून शालेय कुस्ती मंडळाने ठरवलं की हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या अंगातलं पाणी तपासायचं, चिमट्याने कातडी धरून चरबी मोजायची आणि त्यावरून त्याचं किमान वजन काढायचं. त्याच्या खाली पोराने उतरायचं नाही. उतरायचं तेही आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त नाही. हे सगळं एका पत्रकावर लिहून मंडळाकडे पाठवायचं. मंडळ त्यावरून दर शनिवारचा आकडा छापून तक्ता परत पाठवी. चौदा दिवसांनंतर पत्रकात कानामात्रेचाही बदल नाही.

त्या वर्षी संघात ठोकळा नावाचा एक मुलगा होता. खरं नाव हजेरीपटात होतं, पण अंगाने इतका चौकोनी की मास्तरसुद्धा ठोकळाच म्हणत. पहिल्या दिवशी वजन सत्तावन्न किलो. बाईंनी मापं घेतली, हिशेब केला, पत्रक भरलं आणि पुढच्या पोराला हाक मारली.

पुढच्या शनिवारी ठोकळा छप्पन्न पॉइंट एक भरला. तक्त्यातही तेच होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी पंचावन्न पॉइंट तीन, पुन्हा तक्त्याबरहुकूम. कुस्तीचे सर खूश झाले. “याला म्हणतात शिस्त!” असं ते बाकीच्या पोरांना ऐकवत, आणि बाकीची पोरं ठोकळ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत. सातव्या आठवड्यापर्यंत एकदाही चूक नाही. बाई आकडा मोठ्याने वाचायच्या आधीच सर तक्ता बघून बोलून दाखवायला लागले होते.

आठव्या आठवड्यात ठोकळ्याची आई आली. ती घरी कपडे शिवायची, जुने कपडे मापात करून द्यायची. तिने पिशवीतून मुलाची शाळेची पँट काढून टेबलावर ठेवली. कमरेला टाक्यांच्या सात ओळी होत्या, एकीच्या आत एक.

“बाई, दर आठवड्याला आत घेतेय,” ती म्हणाली. “तुम्ही त्याला उपाशी ठेवताय का?”

“अहो ताई, मी कशाला ठेवू? तो जेवत नाही का घरी?”

“जेवतो हो! माझ्यासमोर बसून जेवतो. दोघांचं एकटा जेवतो. उठला की परत भूक लागली म्हणतो.” तिचा आवाज बारीक झाला. “ते जातं कुठे, बाई?”

डॉक्टरांकडे ती जाऊन आली होती. रक्त, लघवी, सगळं ठणठणीत. वाढीचं वय आहे, असं सांगून डॉक्टरांनी परत पाठवलं होतं.

ती गेल्यावर बाईंनी आपली कच्ची वही काढली. ठोकळ्याची मापं तिथे होती. पुन्हा हिशेब केला, किमान वजन आलं बावन्न पॉइंट सहा. मग पत्रकाची प्रत काढली. त्यावर त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, बेचाळीस पॉइंट सहा.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. वहीतला पाच पत्रकावर येता येता चार झाला होता. पण खरी भीती त्यानंतर आली. चूक कागदावर होती, पोराला तर ती माहीत नव्हती. मग पोर तिच्या मागे खाली का चाललं होतं?

पुढच्या बुधवारी त्यांनी ठोकळ्याला एकट्याला बोलावलं. काट्यावर उभं केलं. पन्नास पॉइंट पाच, म्हणजे गेल्या शनिवारचाच आकडा. मग त्याच्या हातात पाण्याची लिटरची बाटली दिली.

“सगळी पी. इथेच, उभ्या उभ्या.”

तो प्यायला. घोट घशाखाली उतरताना दिसत होते, ऐकू येत होते. काट्यावर पन्नास पॉइंट पाच. बाईंनी रिकामी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली, वाट पाहिली. आकडा हलला नाही. मग त्याला खाली उतरवून त्या स्वतः चढल्या, उतरल्या, अर्धा तांब्या पाणी प्यायल्या आणि पुन्हा चढल्या. काट्याने अर्धा किलो जास्त दाखवलं. काट्यात काही खोट नव्हती.

“काय झालं, बाई?” ठोकळ्याने विचारलं.

“काही नाही. जा वर्गात.”

त्या दिवशी त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं, चूक आपली आहे असं स्पष्ट कबूल केलं. उत्तर लगेच आलं. मुदत संपली आहे, पत्रक अंतिम आहे. त्यांनी आपल्या प्रतीवरचा आकडा खोडून पाहिला. सरांना सांगून पाहिलं. सर हसले. “काटाबाई आणि चूक? काहीतरीच! एकोणपन्नासच्या गटात तो सगळ्यांना लोळवणार आहे, बघाच तुम्ही.”

ठोकळ्याच्या आईला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. तिने शनिवारपर्यंत मुलाला घरी ठेवलं, शाळा नाही की तालीम नाही, फक्त खायला घातलं. शनिवारी सकाळी त्याला धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभं करून ती धावत बाईंकडे आली. एकोणपन्नास पॉइंट आठ. तक्त्यातही तेच होतं.

बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा तक्ता शेवटपर्यंत वाचला. हंगाम वीस आठवड्यांचा. आकडे ओळीने उतरत बेचाळीस पॉइंट सहापर्यंत जात होते. विसाव्या शनिवारचा रकाना मंडळाने का कोण जाणे, कोरा सोडला होता.

त्या कोऱ्या रकान्याने बाईंची झोप उडवली.

एकच वाट उरली होती, तीही नियमातच. सामन्याच्या दिवशी वरच्या गटात एकदा वजन नोंदलं गेलं की त्या हंगामात खालच्या गटांची दारं बंद, आणि आधीचा तक्ता रद्द. फक्त त्यासाठी ठोकळा त्रेपन्नच्या वर, म्हणजे सत्तावन्नच्या गटात, भरायला हवा होता.

दहाव्या शनिवारी दुसऱ्या शाळेच्या संघाशी सामना होता. वजनाच्या खोलीत दोन्ही सर, रांगेत उभी पोरं. बाई नेहमीसारख्या काट्यामागे, वही हातात. ठोकळा चढला. बरगड्या मोजता येत होत्या. एकोणपन्नास पॉइंट शून्य.

सर वहीत डोकावायला वळले. तेवढ्यात बाईंनी चपलेतून पाय काढला आणि अंगठा काट्याच्या मागच्या कडेवर टेकवला. दाबला. आकडा चढत गेला आणि एका जागी थांबला.

“त्रेपन्न पॉइंट चार,” बाई म्हणाल्या, आणि लिहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच जाणूनबुजून खोटं लिहिलं. समोरच्या शाळेच्या सरांनी आकडा पाहिला आणि सही केली.

सरांचा तिळपापड झाला. “काल एकोणपन्नास होतास! रात्रीत काय दगड खाल्लेस?” असं ते ओरडत राहिले. सत्तावन्नच्या गटात ठोकळ्याला समोरच्याने अर्ध्या मिनिटात चीत केलं. तो गादीवरून उठला आणि कपडे घालून घरी गेला.

पुढच्या शनिवारी तो त्रेपन्न पॉइंट चार भरला. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्याच्या पुढच्या शनिवारीही त्रेपन्न पॉइंट चार. विसाव्या शनिवारीसुद्धा तेच, आणि हंगाम संपल्यावरही तेच.

शाळा सुटली तरी ठोकळा वर्षातून एकदा यायचा. चांगला उंच झाला, मिशा आल्या, सुतारकामात हात बसला. आला की हसत काट्यावर चढायचा. दर वर्षी त्रेपन्न पॉइंट चार. डॉक्टर म्हणायचे, काटक आहे. जुनी दप्तरं रद्दीत काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या दिवसाचं पान वहीतून हळूच फाडून घरी नेलं. ते पान कुणी फाडलं, जाळलं तर काय होईल, हा विचार त्यांना सहन होत नव्हता.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो आला, चार-पाच वर्षांच्या मुलीचं बोट धरून. बाईंनी पर्समधून पान काढलं.

“हे तुझं आहे. जपून ठेव. मी आज आहे, उद्या नाही.” मग म्हणाल्या, “ते वजन तुझं नव्हतं रे. मी...”

“माहीत आहे, बाई. औषधांच्या कपाटाच्या काचेत तुमचा पाय दिसला होता मला.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीस? तुझा सामना गेला, हंगाम गेला.”

“घाबरलो होतो हो. रोज जेवून उठलो की आत काहीच नसायचं. खाली खाली चाललोय एवढंच कळायचं.” त्याने पान घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं. “तुम्ही पाय काढाल की काय, एवढीच भीती वाटत होती.”

बाईंना रडू आवरेना. तोवर पोरगी काट्यावर चढून नाचायला लागली होती. आकडा वरखाली, वरखाली होत होता, एका जागी ठरत नव्हता.

“किती आहे हो हिचं, बाई?” त्याने सहज विचारलं.

बाईंनी पटकन पुढे होऊन पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि काट्याकडे पाठ केली.

“बघितलं नाही मी,” त्या म्हणाल्या.