रोमचे चार सम्राट आणि गाडीची मागची सीट

अमरावतीच्या कॉलेजात नंदा प्राचीन इतिहास शिकवायची, तेव्हा इसवी सन एकोणसत्तर हा तिचा हुकमी तास. रोममध्ये त्या एका वर्षात चार सम्राट झाले. एरवी खिडकीबाहेर बघणारी मुलंसुद्धा त्या दिवशी फळ्याकडे बघायची.

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आल्यावर खिडकीबाहेर बघायचं काम नंदाकडे आलं. तिचा व्हिसा नवऱ्याच्या, म्हणजे श्रीरंगच्या नोकरीला टांगलेला. त्यावर जगायला परवानगी होती, नोकरी करायला नव्हती. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती चौकात थांबून येईल त्या गाडीला हाताने ‘आधी तुम्ही’ म्हणत राहिली, तेव्हा परीक्षकाने गाडी परत वळवायला सांगितली आणि नापास केलं. संध्याकाळी तिने “आज काय झालं?” विचारलं की श्रीरंग म्हणे, “काही नाही, सर्व्हर डाउन होता.” बाहेरच्या जगाची खबर ती एवढीच.

म्हणून मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात तिला व्याख्यानाला वेळ दिला तेव्हा तिने आठवडाभर आधीच साडीला इस्त्री केली. “लोकांना आवडलं तर दर महिन्याला ठेवू,” असं अध्यक्ष मनोहरकाका फोनवर म्हणाले होते. महिन्यातून एकदा घराबाहेर, आणि तेही शिकवायला! श्रीरंगच्या ऑफिसात ऐन त्या शनिवारी सॉफ्टवेअरचं रिलीज निघालं, पण मनोहरकाका आणि त्यांच्या बायको शैलाकाकूंनी तिला आपल्या गाडीतून नेलं.

व्याख्यान रंगलं. पहिल्या सम्राटाने सैनिकांना कबूल केलेलं बक्षीस दिलं नाही, असं नंदा म्हणाली आणि मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा तीन महिन्यांत आटोपला, यावर खसखस पिकली. रोमन इतिहासाची इतकी जाण असलेला श्रोता तिला अमरावतीतही मिळाला नव्हता. मग आला तिसरा, व्हिटेलियस. “हा खाण्याचा भारी शौकीन. दिवसातून चार चार मेजवान्या.” सभागृह कोसळायचं बाकी राहिलं. मागच्या टेबलापाशी मनोहरकाका श्रीखंडाची दुसरी वाटी घेऊन उभे होते.

“शेवटी त्याला राजीनामा द्यायचा होता,” नंदा म्हणाली. “काळे कपडे घालून तो राजवाड्याबाहेर आला, सत्तेची खूण म्हणून कमरेचा खंजीर काढून द्यायला लागला. कुणी घेईना. लोकांनी सगळे रस्ते अडवले. एकच मोकळा ठेवला, राजवाड्याकडे परत जाणारा.”

या वेळी कुणी हसलं नाही. काकांनी वाटी खाली ठेवली. तेवढ्यात नाटुकल्याची मुलं तयार झाल्याची घंटा वाजली, आणि रोम तिथेच राहिलं.

परतताना काका गाडी चालवत होते, नंदा मागच्या सीटवर होती. शैलाकाकू पुढच्या सीटवरून वळल्या.

“नंदा, तुला हे सगळं कुणी सांगितलं गं?”

“पुस्तकात आहे, काकू.”

“आमच्या मंडळाचं? पुस्तकात?”

हळूहळू उलगडा झाला. मंडळाचेही या वर्षातले हे तिसरे अध्यक्ष. जानेवारीतल्या पहिल्यांनी कार्यकर्त्यांचं जेवण बंद केलं म्हणून त्यांना पद सोडावं लागलं. दुसरे गणपतीच्या मिरवणुकीवरून भांडून तीन महिन्यांत सिअॅटलला गेले. तिसरे हे. समोर बसलेले. नंदाला गाडीतून उतरून जावंसं वाटलं, पण बाहेर हायवे होता. दर महिन्याचं व्याख्यान तिने मनातल्या मनात पुसून टाकलं.

“मी दोनदा राजीनामा दिला,” काका आरशात न बघता म्हणाले. “चोवीस जणांची कमिटी, पण कुणी घेत नाही. म्हणतात, दुसरं कोण आहे? त्या तुझ्या माणसाचं पुढे काय झालं?”

काहीतरी गोड सांगून वेळ निभावता आली असती. पण नंदाने इतिहासात खोटं कधी शिकवलं नव्हतं. “पहारेकऱ्याच्या खोलीत लपला, काका. दाराला पलंग आणि गादी लावून. सापडला, आणि मारला गेला.”

“श्रीखंड सोडा आता,” काकू पुटपुटल्या.

“आणि चौथा?” काकांनी विचारलं.

“तो रोममध्ये नव्हताच. दूर इजिप्तमध्ये होता. इथल्या भांडणात नव्हता, म्हणून टिकला.”

गाडी नंदाच्या अपार्टमेंटखाली थांबली. तिने दार ओढलं, उघडेना. “नातवंडांसाठी चाइल्ड लॉक लावलंय,” काकू म्हणाल्या. “बाहेरूनच उघडतं.” काका वळसा घालून आले, दाराच्या कडीवर हात ठेवला आणि अर्ध्या उघड्या काचेतून आत वाकले.

“नंदा, तुझं मंडळात कुणाशी भांडण?”

“मी कुणाला ओळखतसुद्धा नाही, काका.”

“उत्तम. व्याख्यानं अध्यक्ष ठरवतात. तू झालीस तर दर महिन्याला तुझंच.”

“पण मला ड्राइव्ह करता येत नाही. मी जाणार कुठे?”

“जायचं कशाला? पुढच्या शनिवारी कमिटीच तुझ्याकडे येईल.”

कडीवरचा हात हलेना. नंदाने मान डोलावली, तेव्हा दार उघडलं. काका शीळ घालत गेले.

जिन्यात तिला आठवलं, चौथा दहा वर्षं टिकला खरा, पण मरेपर्यंत त्याचीही सुटका झाली नव्हती. हे मात्र काकांना सांगायचं राहिलं.

“आज काय झालं?” श्रीरंगने लॅपटॉपमधून डोकं न काढता विचारलं.

“काही नाही,” नंदा म्हणाली. “पुढच्या शनिवारी आपल्याकडे चोवीस जण चहाला आहेत.”