खोडलेला शुक्रवार

फौजेतलं माझं शेवटचं मोठं पोस्टिंग राजस्थानात होतं. मी हवालदार होतो आणि सेक्शनमध्ये माझ्यासकट दहा जण. दर मे महिन्यात सगळ्या सेक्शनांमध्ये वीस किलोमीटरची दौड व्हायची. नियम साधा होता. सेक्शनचा शेवटचा माणूस पोहोचेल ती सेक्शनची वेळ. कोणी सिक रिपोर्टला गेला तर त्याच्यामागे दहा मिनिटं दंड. त्यामुळे आमच्याकडे मे महिन्यात कोणी आजारीच पडत नसे.

ट्रेनिंगचा प्लॅन माझा. सहा आठवडे, रोज दौड, सुट्टी नाही. मला त्याचा भारी अभिमान होता.

दौडीच्या आदल्या संध्याकाळी रोलकॉल सुटला तेव्हा लान्स नायक दत्ताराम गावडेच्या दंडाला माझा हात लागला. अंग चांगलंच तापलं होतं. तो बांद्याचा, मी वालावलचा. दोघंच असलो की मालवणीत बोलायचो.

"ताप आसा रे?"

"इल्लोसो." थोडासाच, म्हणाला.

"जमतला?"

"जमतला."

मी पुढे काही विचारलं नाही.

सकाळी पाचला शिट्टी झाली. सहा पन्नासला मी फिनिश लाइन ओलांडली. मागोमाग आठ जण आले. दहाव्याची वाट बघत असताना बाजूच्या तंबूतला रेडिओ बोलला.

"कंट्रोल, चेक पोस्ट चार. एक जवान गिरा है, होश नहीं. ओव्हर."

"चेक पोस्ट चार, कंट्रोल. अ‍ॅम्ब्युलन्स रवाना. पानी डालते रहो. ओव्हर."

साडेनऊला दत्ताराम हॉस्पिटलमध्ये वारला. उष्माघात. वय एकतीस. सिक रिपोर्टला पाठवला असता तर आम्हाला दहा मिनिटं दंड झाला असता, एवढंच. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला पुष्कळ प्रश्न विचारले. त्याला आदल्या दिवशी ताप होता का, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

रिटायर होऊन गावी आलो. दर दिवाळीला बांद्याला जाऊन दत्तारामच्या बायकोला, सुमनवहिनींना भेटायचो. फराळ करायचो, इकडचंतिकडचं बोलायचो आणि निघायचो. त्यांची मुलगी सायली बाप गेला तेव्हा आठ वर्षांची होती. आता ती कुडाळला नोकरी करते आणि तिथेच खोली घेऊन राहते.

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस ती दोन प्रिंट घेऊन माझ्याकडे आली.

"काका, डिसेंबरात मालवणाक हाफ मॅरेथॉन आसा. एकवीस किलोमीटर. ह्यातलो खयचो प्लॅन घेव?"

एक प्लॅन सोळा आठवड्यांचा होता. आठवड्यातून तीनदा धावणं, मध्ये विश्रांती, दर चौथा आठवडा हलका. दुसरा दहा आठवड्यांचा, जवळजवळ रोज धावणं आणि फक्त शुक्रवारी विश्रांती. शर्यतीला दहाच आठवडे उरले होते आणि सायली जेमतेम चार किलोमीटर धावत होती. शहाण्या माणसाने तिला यंदाची शर्यत सोडायला सांगितलं असतं. मी दहा आठवड्यांचा प्लॅन निवडला, खिशातलं पेन काढलं आणि शुक्रवार खोडला. "आम्ही सहा आठवड्यांत करायचो," असंही वर ऐकवलं. इतकं सगळं होऊनही माझी अक्कल ठिकाणावर आली नव्हती.

रोज सकाळी सहाला ती खाडीच्या रस्त्याने धावायची आणि मी घड्याळ बघत स्कूटरवरून मागे. पोरगी जिद्दीची. सहाव्या आठवड्यात तिने चौदा किलोमीटर मारले. सातव्या आठवड्यातल्या शुक्रवारी ती आली ती डाव्या पायावर भार न देता. चेहरा लाल. मी मनगट धरून बघितलं.

"ताप आसा?"

"इल्लोसो. जमतला, काका."

मी स्कूटर स्टँडला लावली.

"आज धावूचा नाय. डिसेंबरातपण नाय."

"कशाक? प्लॅन तुम्हीच दिलास मां?"

रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "आयेक ठावक आसा?"

"नाय."

"मग तिका सांगा. तुम्हीच सांगूक होया."

रविवारी दोघं बांद्याला गेलो. वहिनी ओटीवर काजू सोलत होत्या. बसा म्हणाल्या, पण मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. दत्तारामला ताप होता, मला माहीत होतं, मी थांबवलं नाही.

वहिनींनी हातातला काजू खाली ठेवला.

"माका ठावक होता. त्याच सांजेक तेंचो फोन इलो. ताप आसा म्हणाले. मी म्हटलंय, गोळी घेवा नि धावा, नायतर बढती अडकात. आजून कोणाक सांगूक नाय मी." मग त्या म्हणाल्या, "आपणा दोघांतल्या एकान तरी तेंका थांबा म्हणूक होया होता."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे ओझं माझ्या एकट्याचं आहे. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

सायलीने पर्समधून सोळा आठवड्यांचा प्लॅन काढून ओटीवर पसरला. "बरा झाल्यार पयल्या आठवड्यापासून सुरू करतलंय. फुडच्या डिसेंबरात धावतलंय, पण धावतलंय. नि काका, हेका पेन लावचा नाय."

मग तिने विचारलं, "बाबा खंय धावत? सगळ्यांच्या फुडे?"

मी म्हटलं, नाही. दत्ताराम सहज पहिला आला असता, पण वेळ शेवटच्या माणसाची धरतात म्हणून तो मुद्दाम मागे राहायचा. कोणी ढेपाळला की त्याची रायफल स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा आणि गजाली सांगत सांगत त्याला शेवटपर्यंत आणायचा. त्या सहा आठवड्यांत त्याने एकालाही मागे सोडलं नाही.

त्या सकाळीही तो सगळ्यात मागे होता. त्याच्या मागे कोणी नव्हतं.